बीस्ट तिला काय म्हणेल, ‘तू’ की ‘तुम्ही’?

रातकिडा
‘ब्यूटी अँड द बीस्ट’वरून मराठीत एक लांबलचक प्रेमकथा लिहितेय, जादूसकट. किल्ला, गुलाब, बुडालेली जहाजं सगळं फ्रान्सातच ठेवलंय. तिला उगाच नऊवारी नेसवायची नाहीये. पण तीन आठवडे रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर घोडं अडलंय. फ्रेंच लेखिका बोमाँबाईंच्या १७५६च्या कथेत बीस्ट तिला रोज विचारतो, माझी बायको होशील का? ‘होशील’ लिहिलं की पहिल्याच रात्री सलगी केल्यासारखं वाटतं. ‘व्हाल का’ लिहिलं की कांदेपोह्यांना आलेला बँकेतला मुलगा! नवरा म्हणाला, मग इंग्रजीतच लिही. आज आमटीत मीठ नाही.

पोपटी छत्री
अगं, विलनव्हबाईंची १७४०ची मूळ कथा वाच. तिथे तो लग्नाचं विचारतच नाही, माझ्यासोबत निजशील का, असं थेट विचारतो. बोमाँबाई पडल्या मुलींच्या शिक्षिका, त्यांनी त्याला सोवळं नेसवलं. तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर ‘तुम्ही’. तिचा बाप घाबरून ‘महाराज’ म्हणतो तेव्हा हा काय म्हणतो? मला महाराज नको, पशू म्हणा, मला तोंडदेखलं बोलणं आवडत नाही. आणि तिला सांगतो, या घरात हुकूम तुमचाच. स्वतःला मान नको, पण दुसऱ्याला देईल असा आहे तो.

प्रूफवाली मावशी
तू-तुम्ही नंतर बघा. निवेदनात त्याला काय म्हणताय? ‘पशू’ असेल तर पहिल्या ओळीपासून ‘तो’, म्हणजे पुरुष आधीच दिसला. ‘जनावर’ करा. फ्रेंचमध्ये पशूला ‘बेत’ म्हणतात, तो शब्द स्त्रीलिंगी, त्या बिचाऱ्यांना ही सोय नाही. आपल्याकडे नपुंसकलिंग आयतं आहे: ते आलं, ते खुर्चीत बसलं. शेवटी ती माहेराहून उशिरा परतते, ते बागेत बेशुद्ध पडलेलं असतं, ती कालव्याचं पाणी त्याच्या डोक्यावर मारते. तिथे लिहा, ‘ते उठले.’ माझी आजी आजोबांबद्दल असंच बोलायची: ते जेवले, मग मी बसले. ‘ते’ तेच, फक्त अनुस्वार गेला आणि मात्रा आली.

रातकिडा
मावशी, काटा आला अंगावर! पण संपादक ‘आलं’चं ‘आले’ करतात हो. मागच्या वर्षी एका दिवाळी अंकाने माझं सगळं ‘गेलं-केलं’ धुऊन ‘गेले-केले’ करून छापलं. तसं झालं तर जनावर पहिल्या पानापासूनच ‘ते आले’.

प्रूफवाली मावशी
कथेला चिठ्ठी टाचा: अनुस्वारांना हात लावू नये. मी तीस वर्षं प्रूफं तपासतेय, अशी चिठ्ठी दिसली की आम्ही मुकाट्याने पाळतो. बहुतेक वेळा.

पोपटी छत्री
थांबा थांबा. म्हणजे प्रेम जमलं की ही बाई लगेच अहो-जाहोवर? ते जेवले मग मी बसले? मला नाही पटलं. एवढा कालवा उपसून शेवटी आजीच्याच पंगतीला?

रातकिडा
हाही मुद्दा आहेच. दुपारभर खोडाखोड करून आत्ता हे लिहिलंय. तो शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हणतो, ‘तू’वर आधी येते ती:

ते हललं नाही. तिने ओंजळभर पाणी पुन्हा मारलं.
‘ऊठ ना रे,’ ती म्हणाली.
तो उठला.

मावशी, यात संपादकाला बिघडवायला फक्त ‘हललं’ आणि ‘मारलं’ उरलंय. तरी चिठ्ठी टाचतेच.