मदत हवी आहे: आठ जणांचं सामान कसं वाटायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे आठ जण डिसेंबरात पाचनईच्या बाजूने हरिश्चंद्रगड करणार आहोत, दोन मुक्काम. अभयारण्याचा भाग आहे, त्यामुळे परवानगी असेल तिथेच तंबू लावू.

सरावासाठी रविवारी महूजवळच्या जानापावला पूर्ण सामानासह गेलो. वर सॅक उघडल्या तर चार शेगड्या आणि काडेपेटी एकही नाही! प्रत्येकाला वाटलं, दुसरा आणेल. माझी सॅक साडेचौदा किलो भरली, माझं वजन 58. वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच ओझं धरलं तर साडेअकराच्या वर जायला नको, आणि त्यातले तीन किलो तर नुसतं पाणी. पुतणीने कोरे बूट घातले होते. उतरताना दोन्ही टाचा सोलल्या, मोजा रक्ताने चिकटला, हळूहळू पाणी घालून सोडवावा लागला. निघण्याआधी मीच तिचे बूट बघायला हवे होते, अजून मनाला लागून आहे. जीन्सवाल्यांचे घामाने भिजलेले कपडे संध्याकाळपर्यंत ओलेच. गडावरच्या थंडीत हे कसं चालेल?

आता विचारायचं ते असं. तंबूचं कापड एकाकडे, दांडे दुसऱ्याकडे असं वाटावं का? चुकामूक झाली तर? नवे बूट किती दिवस आधीपासून वापरावेत? स्लीपिंग बॅग भाड्याने घेताना काय तपासावं? रेल्वेत गॅसचा डबा नेता येत नाही, तर राजूरला मिळेल का, की पाचनईत कुणाच्या घरी जेवण सांगितलेलं बरं? तसं झालं तर शेगड्याच नकोत. जे नवख्यांना घेऊन गेले आहेत, त्यांनी जरूर सांगा.