मदत हवी आहे: ड्युनालिएलाच्या पेशी काचपट्टीवर जिवंत कशा थोपवाव्यात?

नमस्कार मंडळी,

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पेशीपटल मुलं आकृतीवरून पाठ करतात: मेदाचे दोन थर, त्यात रुतलेली प्रथिनं, झालं. तेच पटल जिवंत पेशीत काम करताना त्यांनी पाहावं अशी माझी फार इच्छा आहे.

त्यासाठी ड्युनालिएला सलायना घेतलंय. एकपेशीय हिरवं शैवाल, सांभर सरोवरासारख्या खाऱ्या पाण्यात वाढणारं. क्लॅमिडोमोनास या दुसऱ्या हिरव्या शैवालाला पटलाबाहेर भित्तिका, म्हणजे आधार देणारं आवरण, असते (सेल्युलोजची नव्हे, ग्लायकोप्रथिनांची). क्लोरेला या तिसऱ्या शैवालाची तर चांगलीच टणक. ड्युनालिएलाला भित्तिकाच नाही. पटल आणि त्यावर ग्लायकोप्रथिनांचं बुळबुळीत अस्तर, एवढंच. त्यामुळे बाहेरचं मीठ कमी झालं की पेशी फुगते, वाढलं की आकसते. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. आकसलेली पेशी ग्लिसरॉल तयार करते, त्याच्या जोरावर पाणी परत आत ओढते आणि काही तासांत पूर्ववत होते. ग्लिसरॉलचा रेणू एवढासा, बहुतेक पटलांतून सहज निसटणारा. या पटलातून मात्र तो फारसा झिरपत नाही.

पटलाची जाडी ७-८ नॅनोमीटर, म्हणजे आमच्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसणार नाहीच. पेशीचा आकार बदलताना दिसला तरी पुरे.

घोडं अडलंय ते माध्यम बदलताना. कव्हरस्लिपच्या एका कडेला कमी मिठाचं पाणी सोडून दुसऱ्या कडेने टिपकागद लावला, की पेशी प्रवाहाबरोबर वाहून जातात. उरलेल्या पेशी आपल्या दोन कशाभिका (पोहण्याचे धाग्यासारखे अवयव) हलवत नजरेबाहेर पोहून जातात. त्यामुळे एकच पेशी आधी आणि नंतर दाखवता येत नाही. कांद्याच्या पापुद्र्याला हा त्रास नसतो. आयोडीनने थांबतात, पण मरतात. मग फुगणार काय नि आकसणार काय!

पॉलीलायसिन हे चिकटवणारं रसायन लावलेल्या काचेला पेशी चिकटतात म्हणे. पण भित्तिका नसलेल्या पेशीचं पटल त्या ओढीने ताणलं जाऊन आकार बिघडत असेल का? की कमी तापमानाला गोठणारं अगारोज (जेलीसारखा पदार्थ) बरं? त्यात मीठ माध्यमाइतकंच घालायचं ना? आणि नवं पाणी त्यातून पेशीपर्यंत पोचायला साधारण किती वेळ धरावा?

संवर्धन १.५ मोलर मिठात आहे. एका दमात किती खाली आणलं तर पेशी फुगेल पण फुटणार नाही, हेही हवंय. हाताशी ४० चं ऑब्जेक्टिव्ह आणि मोबाइलचा कॅमेरा आहे, फ्लुरोसन्सची सोय नाही.

कुणी हे स्वतः करून पाहिलं असेल तर प्रमाणांसकट सविस्तर लिहा, प्लीज. प्रात्यक्षिक पुढच्याच आठवड्यात आहे.