मदत हवी आहे: मस्कतला अरबी मुलांना इंग्रजी शिकवायचं आहे, निघण्याआधी काय तयारी करू?

सुरंगी

मुक्काम दापोली. मुंबई विद्यापीठाची इंग्रजीत एम.ए., बी.एड.; मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवते. यजमान मस्कतला आहेत, दिवाळीनंतर मीही जाणार. तिथल्या एका खासगी शाळेने पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी विचारलं आहे. मुलं ओमानी, घरी अरबी बोलणारी.

इथे गाडी अडली की मराठीत सांगता येतं. तिथे मला अरबी येत नाही आणि मुलांना इंग्रजी, मग वर्ग चालवायचा कसा? इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र म्हणून ऑनलाइन १२० तासांचं टेफल करू की सेल्टा? कागदपत्रं काय लागतील? आणि माझ्या मराठी वळणाच्या उच्चारांचं काय करू? हातात चार महिने आहेत.

खाडीकाठ

कागदपत्रं आजच सुरू करा, बाकी सगळं नंतर. अपोस्टिल म्हणजे आपला कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारने दिलेलं साक्षांकन. ओमान अपोस्टिल करारात आहे, भारतही २००५पासून आहे. त्यामुळे वकिलातीच्या शिक्क्याची वेगळी फेरी सहसा लागत नाही. क्रम असा: विद्यापीठाकडून पदवीची पडताळणी, मग मंत्रालयात राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. शेवटच्या टप्प्यावर कागद स्वतः नेऊन देता येत नाहीत, मान्यताप्राप्त एजन्सीमार्फत द्यावे लागतात. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये, वरचे पैसे एजन्सीचे. दर आधी लेखी घ्या. नोटरीची प्रत पुरत नाही, मूळ कागदच लागतो.

आपल्याकडची माणसं एका गोष्टीवर हमखास अडकतात. पावसाळ्यात कपाटातल्या कागदांना बुरशी येते म्हणून आपण पदवी लॅमिनेट करून टाकतो. अपोस्टिलचा स्टिकर आणि शिक्के मूळ कागदाच्या मागे बसतात, प्लॅस्टिकवर नाही. लॅमिनेशन घरी सोलायला जाऊ नका, शाई प्लॅस्टिकबरोबर निघून येते. विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीसाठी लगेच अर्ज करा आणि त्याचे आठवडे वेळापत्रकात धरा.

दुसरी अडचण नावाची. पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर दोन्ही जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. त्याचंही अपोस्टिल करून घ्या, आणि त्यावर इंग्रजी मजकूर आहे ना ते पाहा. पोलीस पडताळणी दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून काढायचा असतो. तो मात्र लवकर काढू नका, ताजाच मागतात.

आणि ताई, कुटुंब व्हिसावर तिथे नोकरी करता येत नाही. शाळेने कामाचा व्हिसा काढून द्यायला हवा. "आधी या, मग बघू" म्हणणाऱ्या शाळेला होकार देऊ नका.

कांदळवन

कोर्सबद्दल स्पष्ट लिहितो. टेफल हे कुठल्या एका संस्थेचं नाव नाही, कोणीही त्या नावाने प्रमाणपत्र देऊ शकतं. १२० तासांच्या स्वस्त ऑनलाइन कोर्सात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिकवणं बहुधा नसतंच. सेल्टा केंब्रिजचा. त्यात निदान १२० तास, सहा तास प्रत्यक्ष शिकवणं आणि त्यावर प्रशिक्षकांची नजर, शिवाय चार लेखी कामं. कोर्स उत्तम आहे, पण त्याचा रोख प्रौढ विद्यार्थ्यांवर. तुम्हाला पहिली-दुसरी मिळणार आहे, आणि शाळेच्या नोकरीत बी.एड. आणि अनुभवालाच वजन असतं. शाळेला ईमेल करून विचारा, कुठलं प्रमाणपत्र हवं आहे का. लेखी "हो" आल्याशिवाय पैसे घालू नका. पुढे मोठ्यांच्या भाषा-संस्थेत जायचं ठरलं तर सेल्टा करा.

पाणकावळा

उच्चारांची काळजी योग्य आहे, पण ती सरसकट करू नका. मराठी जीभ जिथे अडते तिथे अरबी जीभ बरेचदा अडत नाही, आणि उलटंही. दोन्हींचा नकाशा एकदा डोक्यात बसला की काम निम्मं होतं.

पी घ्या. अरबीत प हा ध्वनी नाही, म्हणून मुलं 'पार्क'चं 'बार्क' करतात. आता आपली बाजू बघा. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा पी हवेचा झोत सोडतो, मराठी प सोडत नाही. तुम्ही आपल्या 'पाणी'मधला प वापरून 'पेन' म्हणालात तर मुलांच्या कानाला तो ब च्या आणखी जवळ जातो आणि फरक कळतच नाही. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर वीतभर अंतरापेक्षा कमी धरा. 'बॅग' म्हटल्यावर ती जेमतेम हलली पाहिजे, 'पेन' म्हटल्यावर उडाली पाहिजे. उडत नसेल तर 'फणस' ओठ घट्ट मिटून म्हणा ('फॅन'मधला फ नव्हे), तो झोत लक्षात ठेवा आणि थोडा कमी करून 'पेन'ला लावा. 'स्पून', 'स्पीक' यांत एसनंतरच्या पीला झोत नसतो, तिथे आपला साधा प चालतो. वर्गात प्रत्येक मुलाच्या हातात अशी पट्टी द्या. सहा वर्षांच्या मुलाला ओठांचं शास्त्र सांगून कळत नाही, पट्टी उडाली की कळतं.

व्ही अरबीत नाही, मुलं 'व्हॅन'ला 'फॅन' म्हणतील. डब्ल्यू त्यांच्याकडे आहे. घोळ आपला, कारण आपला व दोन्हींच्या मधला. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून तीन सेकंद गुणगुण धरा. डब्ल्यूला ओठ गोल, दात लांब. मुलांना एफ येतोच, तोच म्हणताना गळ्यावर हात ठेवून आवाज चालू करायला सांगा, व्ही तयार.

'थिंक' आणि 'दिस'ला तर मुलांना सुधारायला जाऊच नका. जीभ दातांत धरून म्हणायचे हे दोन्ही ध्वनी प्रमाण अरबीत आहेत, आपल्या थ आणि द मध्ये नाहीत. तिथे मुलांचं बरोबर असेल आणि आपलं चुकीचं. तीच गोष्ट 'शिप' आणि 'शीप'ची: अरबीत स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पक्का आहे, आपण बोलताना तो सैल सोडतो. त्यांना जड जातं ते 'पिन' आणि 'पेन'.

'स्प्रिंग', 'स्ट्रीट'सारख्या जोडाक्षरांत ती मध्ये किंवा आधी स्वर घुसवतात. शेवटून बांधा: रीट, ट्रीट, स्ट्रीट. पुढून तोडून शिकवलं तर 'सि-टि-रीट' कायमचं बसतं.

व्याकरणात एकच गोष्ट आत्ता लक्षात ठेवा. अरबीत वर्तमानकाळात 'आहे' लागत नाही, म्हणून 'ही टॉल' येणारच. तीन बोटं वर करा, एकेका बोटाला एकेक शब्द, मधलं बोट 'इज'. मूल चुकलं की तोंडाने काही बोलू नका, फक्त मधलं बोट हलवा. विशेषणही त्यांच्याकडे नामानंतर येतं ('कार रेड'). आपल्याकडे इंग्रजीसारखंच आधी येत असल्यामुळे ही चूक का होते, हे आपल्या लक्षात यायला वेळ लागतो.

भाषा सामायिक नसताना वर्ग चालतो तो हालचालींवर. टीपीआर (टोटल फिजिकल रिस्पॉन्स, म्हणजे आज्ञा ऐकून कृती करायची) म्हणतात ती पद्धत जेम्स अॅशर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडली. पहिल्या आठवड्यात फक्त सहा आज्ञा: उभे राहा, बसा, ऐका, दाखवा, उघडा, थांबा. आधी तुम्ही म्हणा आणि करा, मुलं बघतील. मग सगळे मिळून करा. मग तुम्ही फक्त म्हणा, हात मागे बांधून. शेवटी एका मुलाला आज्ञा करू द्या. तिसरी पायरी गाळली तर मुलं शब्द ऐकत नाहीत, तुमच्या हातांची नक्कल करतात, आणि आपल्याला वाटतं शिकली.

खेळ सांगताना वाक्य पाच शब्दांच्या आत ठेवा आणि दोन मुलांना पुढे बोलावून करून दाखवा. "समजलं का?" हा प्रश्न निरुपयोगी, सगळी मान डोलावतात. तासाला नवे शब्द सहा ते आठ, त्याहून जास्त नको.

तिरफळ

चित्रांबद्दल: पी फॉर पिगचे तक्ते इथून नेऊ नका, मुस्लीम मुलांच्या वर्गात ते चालणार नाहीत. पेन, पॉट, पाम घ्या. मासे, नारळ, होडी ही चित्रं मात्र जरूर न्या, तिथल्या किनाऱ्यावरच्या मुलांना ती आपल्याइतकीच ओळखीची. आपली सुरमई तिथे कनअद म्हणून विकली जाते. आठवडा रविवार ते गुरुवार असतो, सुट्टी शुक्रवार-शनिवार. रमजानात शाळेचे तास कमी होतात, पाठ छोटे करून ठेवा.

सुरंगी

पट्टीचा प्रयोग आत्ताच केला, 'पेन'ला पट्टी ढिम्म हलली नाही. 'फणस' म्हणून मग जमलं. पदवी लॅमिनेटेडच आहे, उद्या विद्यापीठाकडे अर्ज टाकते. लिहिण्याचं विचारायचं राहिलं. उजवीकडून लिहायची सवय असलेल्या मुलांना इंग्रजी लिपी कशी द्यायची?

पाणकावळा

चार रेघी वही घ्या आणि प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला हिरवा ठिपका काढा. पेन्सिल तिथूनच निघणार. ठिपका निदान सहा आठवडे ठेवा, त्याआधी बंद केला की मुलं उजवीकडे सरकतात. बी आणि डी एकाच आठवड्यात देऊ नका, पी आणि क्यूही नको. एक अक्षर दोन आठवडे पक्कं होऊ द्या, मग त्याचा आरसा. कॅपिटल अक्षरं अरबीत नसतातच, त्यामुळे सुरुवातीला फक्त स्वतःच्या नावापुरती.

अरबीत ऱ्हस्व स्वर एरवी लिहीत नाहीत. त्यामुळे मुलं इंग्रजी शब्दही व्यंजनांच्या सांगाड्यावरून वाचतात, 'फॉर्म' आणि 'फ्रॉम' त्यांना एकच दिसतात. स्वराचं अक्षर सगळीकडे लाल खडूने लिहा. आकड्यांतही लक्ष ठेवा: अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका.

कांदळवन

आणि अरबीची २८ अक्षरं निघण्याआधी शिकून घ्या. हर्णै-दाभोळ पट्ट्यात कुराण वाचायला शिकलेलं कोणी ना कोणी शेजारी असतंच, रोज अर्धा तास बसलात तर तीनेक आठवड्यांत अक्षरओळख होते. भाषा येणार नाही, पण हजेरीपटावरची मुलांची नावं वाचता येतील. त्यांच्या वहीवर त्यांचं नाव दोन्ही लिप्यांत लिहून देता येईल.

सुरंगी

हर्णैला आमच्या शाळेतल्या एका बाईंची आई आहे, त्यांच्याकडे रविवारपासून बसते. कागदपत्रांचं जसजसं होईल तसं इथेच लिहीन.