हनी अँड क्लोव्हर तुम्ही कोणत्या वयात पाहिलीत?

२००५ साली जपानच्या फुजी टीव्हीवर नोइतामिना या रात्रीच्या ॲनिमे (जपानी कार्टून) पट्ट्याची सुरुवात या मालिकेने झाली. चिका उमिनोच्या मांगावरून, म्हणजे चित्रकथेवरून, २४ भाग, पुढच्या वर्षी आणखी १२. टोकियोतलं एक कला महाविद्यालय, कळकट भाड्याच्या खोल्या, आणि ज्याला जी आवडते तिला नेमका दुसराच आवडतो. विशीत मी त्यातल्या अवलिया विद्यार्थ्यावर, मोरितावर फिदा होते. यंदा पुन्हा पाहिली तर सगळं लक्ष हानामोतो सरांकडे! तुमचं सांगा. शेवट फोडलात तरी चालेल, वीस वर्षं झाली आता.

*

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते. रात्री तीनला सनबोर्ड कापताना समोर मोबाइल टेकवून बघायचे. मालिकेचा नायक ताकेमोतो मनोरा रचत जातो आणि एक दिवस स्वतःच तो फोडून टाकतो, तिथे मी कटर खाली ठेवला. पुढच्या आठवड्यात थीसिसची ज्युरी. एका परीक्षकांनी माझ्या मॉडेलचं छप्पर उचललं, शेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाले, "यात तुम्ही कुठे आहात?" पुढे पंधरा मिनिटं मी काय बोलले देव जाणे, पण डोळे त्या छपरावर; कुणी बसलं तर? ताकेमोतो सायकल काढून थेट उत्तरेला सुटतो. मी एसटीने चिपळूणला गेले आणि आठ दिवस झोपले.

*

मी सिरॅमिक करते, त्यामुळे माझी आवडती तीच, मातीकाम करणारी यामादा. तिला आवडणाऱ्या मायामाने तिला स्पष्ट नाही म्हटलेलं असतं, तरी प्यायल्यावर त्याच्याच पाठीवर बसून ती त्याला आवडतोस, आवडतोस म्हणत राहते आणि तो दर वेळी नुसतं 'हं' म्हणतो. तो 'हं' मी प्रत्यक्ष ऐकलाय. माझा मायामा आमच्याच वर्गातला, माझ्या चाकाशेजारी बसून माझाच डबा खायचा आणि त्याला आवडणाऱ्या मुलीबद्दल बोलायचा. माती नीट मळली नाही तर आत हवा राहते आणि भट्टीत भांडं फुटू शकतं. त्या वर्षी माझं एकही भांडं फुटलं नाही, इतकी मळत होते मी. त्याच्या लग्नात सहा कप दिले. सहाव्याचा कान जरा वाकडा होता, मुद्दाम नाही हो!

*

सगळे हळवे झालेत म्हणून एक विरोधी मत. ताकेमोतोला आवडणारी गुणी चित्रकार हागू शेवटी शूजीला, म्हणजे हानामोतो सरांना निवडते, तो तिच्या वडिलांचा चुलतभाऊ. म्हणजे आपल्याकडे काकाच की! हाताला दुखापत झाल्यावर तिला चित्र काढता येण्यासाठी सोबत हवी होती, प्रियकर नको होता, हे पटतं. तरी माझ्या बायकोने तिथे रिमोट ठेवला तो ठेवलाच. आणि मायामा त्याच्याहून मोठ्या, विधवा रिकाच्या मागे मागे फिरतो, त्याला प्रेम म्हणायचं? आमच्या गल्लीत असता तर चोप खाल्ला असता.

*

नोकरीनिमित्त जपानात आहे. ताकेमोतो जिथे पोचतो त्या उत्तरेकडच्या सोया टोकाला मीही गेलो, अर्थात भाड्याच्या गाडीने. त्रिकोणी स्मारक, समोर समुद्र, त्यापलीकडे ४३ किलोमीटरवर रशियाचं साखालिन बेट. वारा असा की उभं राहवेना. तिथे मोठं काहीतरी सुचेल असं वाटलं होतं. सुचलं ते एवढंच, की हा पोरगा इथवर सायकलवर आला.

*

मी चित्रकला शिक्षक, पाचवी ते दहावी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला दरवर्षी एखादी हागू बसते, बाकीचे आम्ही सगळे ताकेमोतो. मला मालिका लेकीने दाखवली. ती पुण्याला शिकायला निघायच्या आदल्या रात्री आम्ही शेवटचा भाग पाहिला, ज्यात निघालेल्या ताकेमोतोला हागू मधाचे सँडविच देते आणि प्रत्येकात चार पानांचं क्लोव्हर असतं. सकाळी मीही ब्रेडला मध लावला. क्लोव्हर आणायचं कुठून? कुंडीत आंबुशी होती, तीन पानांची. तीच घातली. दुपारी खोपोलीच्या पुढून फोन आला, "बाबा, हे आंबट काय घातलंयत?"