इंग्रजीत खालचा क्रमांक नेमका कसा सांगावा?

प्रश्न (शिक्षिका, देवरुख):
शाळेच्या वार्षिकांकाच्या इंग्रजी विभागासाठी नववीतील एका मुलीने भारतीय फुटबॉलवर लेख दिला आहे. फिफाच्या क्रमवारीत भारत फेब्रुवारी १९९६ मध्ये ९४ वा होता, तर मार्च २०१५ मध्ये १७३ वा. संख्या मोठी म्हणून तिने १७३ ला ‘हायर रँक’ म्हटले आहे. तिला उदाहरणांसह समजावता येईल, असे मार्गदर्शन जाणकारांनी कृपया करावे.

उत्तर (मालवण):
मॅडम, इंग्रजीत पहिला क्रमांक सर्वांत वर धरतात, त्यामुळे संख्या वाढली की स्थान उतरते आणि १७३ हा ‘लोअर रँक’ ठरतो. ही घसरण ‘स्लिप्ड टू’ किंवा ‘फेल टू’ अशी लिहितात. यादी लहान असेल तर खालून मोजण्याची पद्धत आहे. वीस संघांच्या प्रीमियर लीगमधून शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात, म्हणून तिथे अठराव्या संघाला सर्रास ‘थर्ड फ्रॉम बॉटम’ म्हणतात. मात्र एकूण संख्या द्यायलाच हवी. मानव विकास निर्देशांकात २०२२ साली भारत १३४ वा होता, पण ‘आउट ऑफ १९३’ जोडल्याशिवाय ते स्थान किती खालचे, हे वाचकाला कळणार नाही.

उत्तर (अलिबाग):
वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. पर्सेंटाइलमध्ये हिशेब उलटा असतो. तिथे आकडा जितका लहान, तितके स्थान खालचे. सीईटीच्या निकालानंतर पालकांचा गोंधळ होतो तो इथेच, कारण दहावा क्रमांक अभिमानाचा असतो, तर ‘टेन्थ पर्सेंटाइल’ म्हणजे सुमारे नव्वद टक्के परीक्षार्थी आपल्या पुढे असतात. तापमान किंवा वय सांगताना ‘लो ट्वेंटीज’ म्हणजे साधारण २१ ते २३. आपल्या किनाऱ्यावरची जानेवारीतील १८-१९ अंशांची पहाट मात्र ‘हाय टीन्स’मध्ये मोडते. दोन्ही टोके ठरलेली असतील, तर ‘ॲट द लोअर एंड ऑफ द रेंज’ म्हणावे.

उत्तर (गुहागर):
अगदी शेवटच्या स्थानासाठी ‘वुडन स्पून’ असा शब्दप्रयोग आहे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ऑनर्स मिळवणाऱ्यांतील शेवटच्या विद्यार्थ्याला लाकडी चमचा देत. ती प्रथा १९०९ पर्यंत चालली आणि शब्द रग्बीत आजही रूढ आहे. मुलीच्या लेखात तो नको, कारण २०१५ मध्ये फिफाच्या यादीत दोनशेहून अधिक संघ होते आणि भारताच्या खालीही बरेच होते.