ढवळ्याला मारबतीसोबत धाडायचं का?

पऱ्हाटीवाली (सेलू तालुका, वर्धा)
पोळा चार दिवसांवर आलाय आणि आमच्या घरात एका कापडी बैलावरून दोन तट पडलेत.

मुलगी साडेतीन वर्षांची. गेल्या तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा पोळा) तिच्या लाकडी नंदीचं चाक निखळलं, तेव्हा माझ्या आईनं माझ्या जुन्या सुती साडीचा बैल शिवून दिला. आत घरचाच कापूस, सरकीसकट. नाव ढवळ्या, पण आता रंग पार मातकट झालाय. एक शिंग चोखून चोखून दोरीसारखं लोंबतं. झोपताना ती त्याच्या पोटातल्या सरक्या बोटानं चाचपते, एकेक करून, आणि मधेच कुठेतरी बोट थांबतं तेव्हा समजायचं झोप लागली.

अंगणवाडीत ढवळ्या, वावरात ढवळ्या. श्रावणात मी तो चोरून धुतला. तीन-चार दिवस ऊनच पडलं नाही, आतल्या सरकीला कोंब फुटला, शिवणीतून हिरवं टोक बाहेर आलं! (मी हसले, पोरगी नाही.) त्या रात्री कशा काढल्या ते आम्हालाच ठाऊक.

सासूबाईंचं म्हणणं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रोगराई घेऊन जाणारी मारबत गावाबाहेर नेतात तेव्हा, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत हाही टाकायचा आणि पोरीला सांगायचं, मारबतीनं नेला. नवऱ्यालाही पटलंय. मला नाही. तुम्हाला काय वाटतं?

बंडीवाला
काऊन बाई, सासू काय चुकीचं सांगून रायली? आमच्या टायमाले असं काही नव्हतं. पोट्टं दोन दिवस रडे, तिसऱ्या दिवशी गोट्या खेळे. घाणेरडं फडकं तोंडात घालून हागवण लागली त दवाखान्यात कोण पयन? उद्या शाळेत पोट्टे चिडवतीन ते वेगळंच. धाडून द्या.

रातपाळी
मी नर्स आहे, म्हणून लिहिते. डोनाल्ड विनिकॉट या इंग्लंडच्या बालरोगतज्ज्ञानं १९५३ साली नेमकं ह्यावर लिहून ठेवलंय. आईपासून थोडं थोडं सुटं होताना लेकरू अशी एखादी वस्तू धरतं. ती मळली, वास मारायला लागली तरी आया तशीच राहू देतात, कारण धुतली की लेकराच्या लेखी ती 'ती' राहत नाही. तुमच्या कोंब फुटलेल्या ढवळ्याचं तेच झालं. कुणी हिसकली नाही तर पुढे ती आपोआप मागे पडते, रडारड न होता.

हागवणीची भीती खरी आहे. जेवायच्या आधी हात धुवा, शिंगाचं टोक तेवढं ओल्या फडक्यानं पुसा. आणि घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर ढवळ्या त्याच्या अंथरुणात जाऊ देऊ नका, नाकातोंडावर आला तर श्वास कोंडू शकतो.

मास्तर (आता पुण्यात)
विनिकॉट ठीक, पण तिकडची बाळं वेगळ्या पाळण्यात, पुष्कळदा वेगळ्या खोलीत झोपतात. गड्डिनी नावाच्या संशोधकांनी १९७० साली इटलीतला अभ्यास छापला होता. तिथल्या खेड्यातल्या मुलांत ही सवय रोमच्या मुलांपेक्षा खूपच कमी आढळली. खेड्यातली मुलं आईला लागून झोपत. आपल्याकडेही तसंच आहे ना? मग कुशीत झोपणाऱ्या पोरीला ढवळ्या का लागतो? आधी ते बघा.

बंडीवाला
पाहा! मास्तर बी माह्याच बाजूनं.

मास्तर (आता पुण्यात)
नाही भाऊ. 'काढून घ्या' असं मी कुठे लिहिलं? ताप आला म्हणून कुणी थर्मामीटर फोडत नाही.

रातपाळी
हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५८ साली माकडाच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले. पिल्लांना खऱ्या आईऐवजी तारेची एक आणि कापडाची एक अशा दोन खोट्या आया दिल्या होत्या. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं कापडाच्या आईलाच बिलगून बसायची. मऊपणाची भूक पोटाच्या भुकेइतकीच खरी असते.

बंडीवाला
त्या माकडाले खरी माय नव्हती, बाई. इथं माय हाय, आजी हाय, बाप हाय.

पऱ्हाटीवाली
काकांचं हे वाचून मी जरा थांबले. मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, लिहायचंच राहिलं. मला चार महिन्यांचा मुलगा आहे. सिझर झालं, नऊ दिवस मी दवाखान्यात. तेव्हा पोरगी सासूबाईंजवळ झोपली. आल्यावरही टाक्यांमुळे तिला जवळ घेतलं नाही, लाथ लागेल म्हणून. आधी ढवळ्या खेळण्यांच्या टोपल्यात पडून असायचा, हे सगळं त्यानंतर सुरू झालं. आणि तो माझ्याच साडीचा आहे, हे आज लिहिताना ध्यानात आलं.

सिंदीची लेक
माझा मुद्दा वेगळाच आहे. माझी चिंध्यांची बाहुली 'उंदरानं नेली' म्हणून काकूंनी सांगितलं होतं. महिन्यानं ती गोठ्यात कुटाराखाली सापडली. आज मला दोन लेकरं आहेत, पण त्या काकूंचं बोलणं मी अजून एकदा तपासूनच घेते. काढायचीच असेल तर पोरीला तोंडावर सांगा, रडू द्या. खोटं नको.

शिवाय मारबतीसोबत रोगराई धाडतात, ढेकूण-मच्छर धाडतात. आदल्या दिवशी ज्याला पुरणपोळी चारायची, त्याला दुसऱ्या दिवशी इडापिडेत टाकायचं? बैल आहे तो, कापडाचा असला म्हणून काय झालं!

बंडीवाला
हे मात्र बरोबर हाय. बैल नोको धाडू. पण शायेत जायच्या आधी सोडवा, हे मी लिहून ठेवतो.

पऱ्हाटीवाली (पोळ्यानंतर)
काय झालं ते सांगते. विनिकॉट, हार्लो सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या निंदणाचा हिशेब करत बसल्या होत्या, मान वर केली नाही. सिंदीच्या ताईंचं वाचलं तेव्हा म्हणाल्या, "हे मले सुचलं नाही." मग स्वतःच शिवण उसवली, पोरीला समोर बसवून. कुबट कापूस काढला, नवी रुई भरली. पोरीनं दाबून पाहिलं आणि भोकाड पसरलं: "दाणे नाही!" शेवटी आजीनं सरकीचं गाठोडं सोडलं. एकेक दाणा पोरीच्या हातात द्यायचा, तिनं आत टाकायचा. अकरावर तिनं 'बस' म्हटलं.

मी आता रात्री मधे झोपते, एका अंगाला बाळ, दुसऱ्या अंगाला ती. ढवळ्या तिच्या पलीकडच्या काखेत असतो. अंगणवाडीतल्या ताईंनी त्याला खिडकीत बसायची परवानगी दिलीय, तिला दिसेल असा. घरी ठेवून जायला मात्र अजून तयार नाही, तेव्हा काका, तुमचं लिहून ठेवलेलं तसंच राहू द्या.

तान्ह्या पोळ्याला नंदी घरी ठेवला, ढवळ्याच्याच गळ्यात घुंगरू बांधून नेला.

बंडीवाला
पोरीले घरोघरून बोजाऱ्याचे पैसे किती जमले?

पऱ्हाटीवाली
सत्तर रुपये. आणि सासूबाईंनी ढवळ्याचे वेगळे दहा दिले.