प्रतिसाद: आयनांबरातील पूर्वचिन्हे आणि संदर्भ वक्राचा प्रश्न

भूकंपाच्या सुमारे 40 मिनिटे आधी आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, हे सिद्ध झाले आहे, असे ज्या लेखनाला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटले आहे. 'सिद्ध' या शब्दाबाबत मात्र माझा मतभेद आहे.

हा दावा जपानमधील 11 मार्च 2011 च्या तोहोकू भूकंपानंतर होक्काइडो विद्यापीठाचे कोसुके हेकी यांनी मांडला. जीपीएस उपग्रहाचे दोन वारंवारतांचे संकेत आयनांबरातून येताना कमीजास्त रेंगाळतात आणि त्या फरकावरून वाटेतील इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या काढता येते. जपानमध्ये हे संकेत टिपणारी हजारहून अधिक केंद्रे असल्याने विदा भरपूर होती, त्यात शंका नाही.

खरी मेख संदर्भ वक्रात आहे. उपग्रह सरकत असल्याने नोंदीचा आलेख मुळातच वाकडा असतो, म्हणून भूकंपाच्या आगेमागेचा काळ वगळून उरलेल्या बिंदूंवरून एक गुळगुळीत वक्र (हाच संदर्भ वक्र) काढतात आणि त्यापासूनचे अंतर म्हणजे 'विसंगती' मानतात. परंतु त्सुनामी निर्माण होताना समुद्रपृष्ठावरून निघालेल्या ध्वनिलहरी सुमारे 10 मिनिटांत आयनांबरात पोहोचतात आणि त्यानंतर तेथील इलेक्ट्रॉन बराच वेळ घटलेले राहतात. ही घट वक्राच्या उत्तरार्धात शिरली की वक्र खाली ओढला जातो आणि भूकंपापूर्वीची सामान्य नोंदही उंचावलेली भासते. कामोगावा आणि काकिनामी या संशोधकांनी 2013 मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. हेकींनी त्याला उत्तरही दिले आहे, आणि ते मुळातून वाचण्याजोगे आहे. पण इशारा द्यायचा त्या क्षणी वक्रासाठी लागणारे भूकंपानंतरचे बिंदू हाती नसतातच, ही अडचण त्या उत्तराने सुटत नाही.